डॉक्टरांची काळी गाडी

फौजेतून सुटून आल्यावर मी सांगलीत एका डॉक्टरांकडे ड्रायव्हर म्हणून लागलो. बहात्तर-त्र्याहत्तर साल असेल. त्यांची गाडी काळी होती, आणि काळ्या रंगावर काहीच लपत नाही. विहिरीचं पाणी वाळलं की पांढरे ठिपके उठायचे, म्हणून मी नळाचं पाणी भरून ठेवायचो. धुळीवर कोरडं फडकं कधी फिरवायचं नाही, हे मला गॅरेजातल्या म्हाताऱ्या पेंटरनं शिकवलं. मेणाचं पॉलिश सावलीत, थोड्या थोड्या भागावर लावायचं, जरा सुकू द्यायचं आणि जुन्या मलमलीनं काढायचं. जास्त सुकलं तर डाग धरतं.

बायको आणि पाच वर्षांची मुलगी गावी, वाईच्या अलीकडे राहायच्या. त्या थंडीत धाकट्या भावाचं पत्र आलं. माझ्या बायकोला कावीळ झाली होती, गावातल्या वैद्याचं औषध चालू होतं. डॉक्टरांच्या मुलीचं लग्न दहा दिवसांवर आलेलं. गाडी लागणार, म्हणून लग्न उरकलं की रजा मागू असं मी ठरवलं. पत्राबद्दल कुणाशी बोललो नाही.

चौथ्या दिवशी दुपारी भाऊ फाटकात उभा राहिला. मी बानेटवर पॉलिश लावलं होतं, अर्धं काढून झालं होतं.

"दादा, वैनी गेली. पहाटं."

मी म्हणालो, "बस वाईच. एवढं पुसून घेतो."

आणि मी पुसलं. कडेपर्यंत, बिजागरीच्या फटीत राहिलेलंसुद्धा. भाऊ पायरीवर बसून बघत होता. मग मी फडकी घडी करून ठेवली आणि डॉक्टरांना सांगायला आत गेलो.

घरात लगीनघाई होती, तरी त्यांनी गाडी स्वतः चालवायला घेतली. मला मागं बसवलं. कऱ्हाड ओलांडल्यावर त्यांनी विचारलं, "आजारी होती, तर मला का नाही सांगितलंस?" गावच्या वाटेवर उसाच्या बैलगाड्यांना बाजू देताना बाभळीच्या फांद्या दारावर घासल्या. तो आवाज ऐकून माझ्या मनात आलं, हे नुसत्या पॉलिशनं जायचं नाही. दुसरं काही आलं नाही.

मी अग्नी दिला. बायका रडत होत्या. माझे डोळे कोरडेच होते.

तेरावा झाल्यावर सांगलीला परतलो. लग्न होऊन गेलं होतं, ओरखडे तसेच होते. डॉक्टर म्हणाले, राहू दे. मी ऐकलं नाही. दोन दिवस घासून ते काढले, एक खोल होता तो राहिला.

त्या दुपारच्या पुसण्याबद्दल भाऊ गावात कुणाला काही बोलला नाही. वर्षश्राद्धाला मात्र त्यानं मला विचारलं, "दादा, तवा तुला काय वाटलं?"

"काय न्हाई," मी म्हणालो. खरंच होतं ते. त्यानं मान हलवली आणि पत्रावळी उचलायला गेला.

त्यानंतरच्या जूनमध्ये मुलीला सांगलीला आणून शाळेत घातलं. वेणी कशी घालतात ते मला येत नव्हतं. डॉक्टरांच्या बायकोनं एकदा सावकाश करून दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून मी घालू लागलो. मुलगी म्हणायची, "आबा, घट्ट होतीय." मग मी सोडून पुन्हा घालायचो.