सांडायच्या आधी

चहावालीच्या लहानपणी घरातलं भविष्य आत्या सांगायची. पोरीच्या हातात भांडं दिसलं रे दिसलं, की आत्या ओरडायची, “सांडणार बघा ही!” आणि पोर सांडायचीच. घरात तिचं नावच ‘सांडलवंड’ पडलं. तिलाही वाटायचं, सांडणं आपल्या कपाळीच लिहिलंय, आत्या नुसती वाचून दाखवते.

एकदा ती काठोकाठ भरलेला दुधाचा पेला घेऊन स्वयंपाकघरातून निघाली. दारातच आत्या म्हणाली, “आता सांडणार!”

पोर थबकली. तिनं पेला तोंडाला लावला, घटाघटा रिकामा केला आणि उलटा धरून म्हणाली, “सांडू दे की आता!”

“अगं भवाने, ते माझं दूध होतं!”

कपाळ आत्याला वाचता येत असेल, पण पेला आपल्या हातात आहे, हे पोरीला त्या दिवशी कळलं.

आता ती भरल्या कपांचा ट्रे घेऊन बाजारातले जिने चढते. एखादं नवखं गिऱ्हाईक वरून ओरडतंच, “बाई, सांडणार हं!” जुनी गिऱ्हाइकं गालात हसतात. ती जिन्यातच थांबते, त्याचाच कप उचलते आणि फुर्र करून पिऊन टाकते.