पोर्तुगालच्या आधी येऊर

पोर्तुगालला चालायला जायचं, ही कल्पना माझ्या नवऱ्याची. निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं एकदा बसमधून युरोप बघून आलो होतो. बस थांबली की उतरायचं, फोटो काढायचा, परत बसमध्ये. घरी आल्यावर हे म्हणाले, "मी युरोप काचेतून बघितला. आता गुडघे शाबूत आहेत तोवर पायी बघायचा. थोडेच दिवस, पण उघड्यावर, उन्हावाऱ्यात."

सोबतीला तयार झाले ते ह्यांची धाकटी बहीण आणि तिचे यजमान. ते घोडबंदर रोडला एका टॉवरमध्ये राहतात, आम्ही डोंबिवलीत. दिवाळीनंतरच्या रविवारी दोघं आमच्याकडे जेवायला आले, आणि ताटं उचलल्यावर ह्यांनी टीव्हीवर नकाशा लावला. पोर्तुगालच्या दक्षिणेकडे समुद्राच्या कडेकडेने एक वाट जाते. तिथले मच्छीमार गळ टाकायला कड्यांवर जात, त्यांच्या पायांनी पडलेली. सकाळी एका गावातून निघायचं, दुपारी दुसऱ्या गावात पोचायचं, बॅगा गाडीने पुढे जातात. एप्रिलमध्ये तिथे सगळी फुलं असतात म्हणे. बोलताना हे खुर्चीतून सारखे उठत होते. कितीतरी दिवसांनी मी त्यांना एवढं खुलून बोलताना बघत होते.

"वाटेत मध्ये काय काय आहे?" मी विचारलं.

"काही नाही! तीच तर गंमत. एकीकडे समुद्र, दुसरीकडे वाळू आणि खुरटी झुडपं. हॉटेल नाही, घर नाही, धड झाडसुद्धा नाही."

"आणि कुणाला थांबावंसं वाटलं तर?"

"वहिनी, थांबायचं की! बसायला खडक आहेत ना," भाऊजी म्हणाले. सगळे हसले. मीही हसले आणि ताक आणायच्या निमित्ताने आत गेले.

मला खडकांची चौकशी करायची नव्हती. गेली दोन-एक वर्षं माझी लघवी गळत होती. शिंकले, खोकले, जोरात हसले, जिना भराभर उतरले की थोडी गळायची. पुढे पुढे थोडी राहिली नाही. मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, परदेशात असलेल्या लेकीलाही नाही. बाहेर जायचं असलं की सकाळपासून पाणी पीत नसे. गडद रंगाच्या साड्या तेवढ्या बाहेर ठेवल्या होत्या. लग्नाकार्यात हॉलमध्ये शिरल्यावर आधी बाथरूम कुठे ते बघून घ्यायची आणि त्याच्या जवळची खुर्ची धरायची.

पॅड आणायचे म्हणजे दिव्य होतं. मी डोंबिवलीत आयुष्यभर गणित शिकवलं, त्यामुळे इथल्या प्रत्येक मेडिकलच्या काउंटरमागे नाहीतर काउंटरपुढे एक तरी विद्यार्थी उभा असतो. म्हणून मी कल्याणला जायची. तिथेही एकदा पिशवीत मोठं पाकीट टाकत असताना मागून आवाज आला, "बाई, तुम्ही इकडे?" बघते तर माझ्याच शाळेतली, आता स्वतःच्या मुलीला घेऊन आलेली. माझ्या तोंडून निघून गेलं, "सासूबाईंसाठी गं." ती म्हणाली, "हो का? माझा नमस्कार सांगा त्यांना." सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्या दिवशी घरी आल्यावर हॉलमधल्या त्यांच्या फोटोकडे बघवेना.

सरावासाठी आम्ही चौघं एका सकाळी ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरात गेलो. नणंदेने सगळ्यांसाठी सारख्याच फिक्या राखाडी ट्रॅकपँट आणल्या होत्या. "टीम आहे आपली!" म्हणाली. मी पॅड लावला होता, घोटभरही पाणी प्यायले नव्हते. चढताना काही झालं नाही. मला दम लागला नाही, उलट भाऊजीच मागे पडत होते, आणि मला वाटायला लागलं की जमेल, आपण उगाच घाबरतोय.

उतरताना मात्र प्रत्येक पावलाला आतून हिसका बसत होता. त्यात नणंदेने तिच्या सोसायटीतल्या कुणाची तरी नक्कल केली. मी हसले, आणि मग ते थांबेचना. पॅडला आवरणारं नव्हतं. मांडीवरून खाली ओघळ आलेला मला कळत होता आणि राखाडी कपड्यावर काय दिसणार तेही कळत होतं. हे आणि भाऊजी मागून येत होते. पुढे वाटेवर ओढा आडवा आला, पावसानंतरचं घोट्याएवढं पाणी उरलेला. मी त्यात पाऊल टाकलं आणि खाली बसले. सरळ मांड्या बुडेपर्यंत बसले आणि ओरडले, "अगं आई गं, घसरले!"

तिघं धावत आले. हे बुटांसकट पाण्यात शिरले. "हलू नकोस, हलू नकोस. कंबरेत दुखतंय का? डोकं आपटलं?" मी नाही नाही म्हणत होते. नणंद माझे केस मागे सारत होती, आणि कमरेपासून खाली मी पूर्ण भिजलेली होते, म्हणून मनातून मला हायसं वाटत होतं. त्या हायसं वाटण्याची लाज आजही सगळ्यात जास्त वाटते.

त्यानंतर ह्यांनी मला रस्त्यावर एकटीला सोडणं बंद केलं. भाजी आणायला निघाले तरी कोपर धरायचे. बाथरूममध्ये रबरी पायपुसणी आली. "तुझा तोल जातोय, तुला कळत नाहीये," म्हणाले, आणि नवी मुंबईतल्या एका मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतली. डॉक्टरांनी मला रेषेवर चालायला लावलं, डोळे मिटून उभं केलं, आणि म्हणाले, "बाई, तुमचा तोल माझ्यापेक्षा चांगला आहे. पडलात कशा?"

"घसरले," मी म्हटलं.

निघताना तिथल्या बाथरूमपुढे बायकांची रांग होती आणि ह्यांनी गाडी दारात आणलेली. मी जाऊन बसले. शीळफाट्याला ट्रकच्या मागे ट्रक, आमच्या पुढची रिक्षा बंद करून ड्रायव्हर बाहेर उभा. हे स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत म्हणाले, "मी त्या दोघांना काल सांगून टाकलं. पोर्तुगाल रद्द. तुला काही झालं तर मला काय करायचेत ते कडे? आपण महाबळेश्वरला जाऊ, आरामात."

त्यांनी हे इतकं सहज म्हटलं की मला राहवेना. "अहो, मी येऊरला घसरले नव्हते."

"म्हणजे?"

"मी बसले पाण्यात. मुद्दाम."

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. "मुद्दाम? का?"

सांगायला तोंड उघडलं आणि नेमकं तेव्हाच मला आवरलं नाही. गाडीच्या सीटवर. मी मांडीवरची पर्स घट्ट दाबून धरली, जणू त्याने काही थांबणार होतं. मग म्हटलं, "आत्ता इथे जे झालं ना, तेच तेव्हा झालं होतं."

त्यांना क्षणभर कळलं नाही. मग कळलं. मी खिडकीबाहेर एका नर्सरीतल्या कुंड्यांकडे बघत राहिले. इतक्या वर्षांच्या संसारात ह्या माणसासमोर मला इतकं उघडं कधी वाटलं नव्हतं.

गाडी थोडी पुढे सरकली तेव्हा त्यांनी विचारलं, "म्हणून तू लेकीच्या खोलीत झोपतेस?"

मी मान हलवली. त्यांना मी सांगितलं होतं की तुम्ही फार घोरता.

"अगं, मी वर्षभर नाकात थेंब घालतोय. पाठीला उशी बांधून झोपतो."

मला हसूही आलं आणि रडूही. हसायची तर भीतीच. त्यांनी मागच्या सीटवरचं आपलं विंडचीटर काढून माझ्या मांडीवर ठेवलं. "कमरेला बांध. उतरलीस की माझ्या पुढे चाल." बिल्डिंगखाली शेजारच्या दोघीजणी गप्पा मारत उभ्या होत्या. हे माझ्या पाठीला जवळजवळ चिकटून लिफ्टपर्यंत आले आणि त्या दोघींशी मुद्दाम मोठमोठ्याने वॉटर मीटरविषयी बोलत राहिले.

दुसऱ्या आठवड्यात ठाण्याच्या एका डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी तपासलं आणि व्यायाम शिकवले. पाणी पिणं तोडलंत म्हणून त्रास वाढलाय, असं म्हणत आधी रागावल्या. "एवढे दिवस का आला नाहीत?" त्यांनी विचारलं. मुलांना 'शंका लगेच विचारा' म्हणून ओरडणारी बाई मी, आणि स्वतः दोन वर्षं लपवत बसले होते. त्रास पूर्ण थांबला नाही, पण पुष्कळ कमी झाला. जिना उतरताना आता कठडा धरून विचार करत बसावं लागत नाही.

नणंदेला मीच सांगायचं ठरवलं. तिच्या बाल्कनीत आम्ही दोघीच होतो, खाली घोडबंदरचं ट्रॅफिक अडकून पडलेलं. मला वाटलं होतं ती जवळ घेईल. तिने खुर्ची जरा मागे सरकवली. मग म्हणाली, "वहिनी, तू पडलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दादाला फोन केला होता. म्हटलं, वहिनी आता थकली, तिला राहू दे, आपण तिघं जाऊन येऊ. दादा फोनवर इतका ओरडला माझ्यावर. तुला बोलला नाही?"

"नाही."

"मला तर तुझ्याकडे बघवतसुद्धा नव्हतं तेव्हापासून."

मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? तिने मला किती पटकन वगळलं होतं! पण मी पाण्यात बसून तिला जे दाखवलं, त्यावरून तिने दुसरं काय समजायचं?  मग ती चहा करायला उठली.

बेत पुन्हा मांडला. एप्रिल हुकलाच होता, म्हणून ऑक्टोबर धरला. गावागावांतून पुढे जाण्याऐवजी एकाच समुद्राकाठच्या गावात मुक्काम ठेवायचा, सकाळी निघायचं, जमेल तेवढं जायचं आणि त्याच वाटेने मागे फिरायचं. भाऊजींनी स्वतःहून सांगितलं, "मला असंच बरं. माझा दमही तेवढाच आहे." त्यांना नणंदेने काय सांगितलं होतं ते मी विचारलं नाही. जेवताना त्यांनी माझ्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला तेव्हा मात्र माझे कान तापले.

आणि आम्ही गेलो. वाळू फार होती, पाय रुतायचे. कड्यांच्या टोकावर, खाली लाटा फुटत असताना, करकोच्यांची मोठमोठी घरटी होती, बहुतेक रिकामी. हे प्रत्येक वळणावर थांबून मागे बघायचे, मी येते आहे ना म्हणून.

तिसऱ्या दिवशी मला थांबावंच लागलं. झुडपं जेमतेम गुडघ्याएवढी. हे आणि भाऊजी पुढे जाऊन पाठ करून उभे राहिले, आणि नणंदेने आपली ओढणी दोन्ही हातांनी ताणून माझ्यापुढे धरली. वारा असा की ओढणी शिडासारखी फुगून तिच्याच तोंडावर येत होती. तेवढ्यात वाटेवरून एक गोरं म्हातारं जोडपं आलं, हातात काठ्या घेऊन. मला धड उठताही येईना. नणंदेने ओढणीमागून ठणठणीत आवाजात तिथल्या भाषेतला नमस्कार ठोकला, "बों दिया!" त्यांनीही म्हटलं, "बों दिया," आणि समुद्राकडे तोंड करून, अगदी शिस्तीत, पुढे निघून गेले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी कपडे सावरले, नणंदेने ओढणी झटकून गळ्यात टाकली, आणि ह्यांनी लांबून हात केला. चेहरा गरम होता तसाच घेऊन मी त्यांच्या दिशेने चालायला लागले.