उपाध्ये सरांचा बर्फ

उपाध्ये सर उतारावरचं हिम आधी पायांनी ऐकायचे आणि मग डोळ्यांनी बघायचे. सकाळी साडेपाचला डोंगरावरून त्यांचा फोन यायचा. गुड मॉर्निंग नाही, नमस्कार नाही, पहिला शब्द "ऐक". मग फोन बुटापाशी धरून ते चार पावलं चालायचे. कधी काहीच ऐकू यायचं नाही, कधी पापड मोडल्यासारखा आवाज यायचा. फोन परत कानाला लावून विचारायचे, "काय कळलं?"

"काही नाही, सर."

"कान झोपलेत तुझे अजून. चहा पाज त्यांना."

विनय उपाध्ये पुण्यात हवामानशास्त्र शिकवायचे. चाळिशीच्या तोंडावर त्यांना ऑस्ट्रेलियात यायची बुद्धी झाली आणि व्हिक्टोरियाच्या डोंगरातल्या एका स्की रिसॉर्टवर ते हवामान निरीक्षक म्हणून लागले. रोज पहाटे उतार तपासायचा, किती हिम आहे, कसं आहे, वारा कुठला, पुढचे तीन दिवस काय होईल, हे सांगायचं. तो अहवाल साडेसहाला वेबसाइटवर लागायचा आणि तो वाचून लोक गाडीवर स्की बांधायचे. मी त्याच रिसॉर्टच्या मेलबर्नच्या ऑफिसात वेबसाइट सांभाळत होते. कोविडमध्ये निम्मी माणसं घरी बसवली, तेव्हा अहवाल टाइप करणंही माझ्याकडे आलं. हातमोजे घालून सरांना फोनवर टाइप करता यायचं नाही, म्हणून ते सांगायचे आणि मी लिहायचे.

पहिले चार दिवस आम्ही इंग्रजीत बोललो. पाचव्या दिवशी ते म्हणाले, "मधुरा, इथे दिवसभर 'नो वरीज, मेट' करून माझी जीभ आंबली आहे. तुझी हरकत नसेल तर मराठीत सांगतो." त्यांची बायको आणि मुलगी पुण्यात, देशाच्या सीमा बंद, दोन वर्षं भेट नाही. दिवसातली तेवढीच दहा मिनिटं त्यांना मराठी बोलायला मिळायची. मलाही मिळायची, खरं तर.

पण मराठीत सांगताना त्यांची एक अट होती. "पडतं ते हिम. गोठतो तो बर्फ. फ्रीजमध्ये असतो तो बर्फ. एवढं सांभाळ, बाकीचं व्याकरण मी माफ केलं." मी डोंबिवलीची. आमच्याकडे हिम फक्त भूगोलाच्या पुस्तकात. आमच्यासाठी काश्मीरला पडतो तोही बर्फ आणि उसाच्या रसात घालतात तोही बर्फच. माझ्या तोंडून "आज किती बर्फ पडला, सर?" असं निघालं की पलीकडून लगेच, "बर्फ पडला तर डोकी फुटतील, बाई. हिम पडलं." सगळं सांगून झालं की ते म्हणायचे, "वाच." मी इंग्रजीत लिहिलेलं वाचून दाखवायचे, त्यावर "ठीक" म्हणायचे आणि मगच फोन ठेवायचे. ऑगस्टपर्यंत एक दिवस चुकला नाही.

हेकट माणूस होता, यात शंका नाही. आमचा मॅनेजर ग्रेग त्यांच्यावर वैतागलेला असायचा. ग्रेगला अहवालात गोड शब्द हवे असत. उतार निसरडा असला तर 'फर्म', गवत दिसायला लागलं तर 'स्प्रिंग कंडिशन्स'. सर म्हणायचे, "त्याला सांग, मी हवामान सांगतो, मिठाई विकत नाही." ग्रेगला ते असं थेट कधी बोलले नाहीत. त्यांचा व्हिसा ग्रेगच्या सहीवर होता. एवढा हिवाळा पार पडला की कायमच्या निवासासाठी कंपनी त्यांचा अर्ज करणार होती, आणि पंचेचाळीस पूर्ण झाली की तो अर्ज करता येत नाही. सर चव्वेचाळीस वर्षांचे होते. मुलीला सांगून ठेवलं होतं त्यांनी, पुढच्या वर्षी इथल्या शाळेत.

माझाही अर्ज त्याच कंपनीत, त्याच ग्रेगच्या टेबलावर होता. हे इथेच सांगते, नंतर सांगितलं तर सबब वाटेल.

ऑगस्टमधली, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यातली गोष्ट. मेलबर्न बंद होतं, आम्हाला घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायची बंदी. डोंगराच्या आसपासच्या गावांतल्या लोकांना मात्र स्कीला यायची मुभा होती. आदल्या दिवशी डोंगरावर पाऊस झाला, मग आभाळ मोकळं झालं आणि रात्रभर गोठलं. सकाळी सरांनी फोन बुटापाशी धरला. आवाज आला असणार. माझ्या दुसऱ्या कानात ग्रेगने पहाटेच लावलेली मीटिंग सुरू होती, मी अर्धवट ऐकत होते. सर म्हणाले, "वरपासून खालपर्यंत बर्फ आहे. सगळा बर्फच. नीट लिही." मी लिहिलं, वरपासून खालपर्यंत उत्तम स्नो कव्हर.

"वाच," सर म्हणाले.

"सर, मीटिंग चालू आहे. बरोबर लिहिलंय."

"अगं, वाच तरी."

"सर, प्लीज." आणि मी फोन ठेवला.

नऊच्या सुमारास जवळच्या गावातली एक शिक्षिका पहिल्याच उतरणीवर घसरली ती थेट झाडांत गेली. कंबरेचं हाड मोडलं. वाचली, पण महिनाभर हॉस्पिटलात होती. तिने एकच विचारलं, तुमच्या अहवालात तर उत्तम लिहिलं होतं ना?

दुसऱ्या दिवशी व्हिडिओवर आम्ही तिघं. ग्रेग, सर आणि मी.

"मेट, तू हिला नक्की काय सांगितलंस?"

"आईस," सर म्हणाले. "आय टोल्ड हर आईस. आय सेड बर्फ."

"बार्फ?" इंग्रजीत बार्फ म्हणजे ओकारी. ग्रेगला हसू आवरेना. सरांच्या चेहऱ्यावर इतका अपमान मी आधी पाहिला नव्हता. हसू ओसरल्यावर ग्रेग माझ्याकडे वळला. "ओके. त्या शब्दाचा अर्थ काय?"

मला उत्तर येत होतं. दोन महिने रोज सकाळी तेच शिकत होते मी. 'आमच्या भाषेत दोन्ही अर्थ होतात, पण हे एकाच अर्थाने वापरतात, मला ते माहीत होतं, आणि मी वाचून दाखवलं नाही.' वाक्य लांब होतं, पण अवघड नव्हतं.

"इट मीन्स स्नो," मी म्हणाले.

कुठल्याही शब्दकोशात बघा, मी खोटं बोलले नाही. इतकं नीच खरं मी आयुष्यात दुसऱ्यांदा बोललेले नाही. सर काहीतरी बोलतील म्हणून मी थांबले. ते बोलले नाहीत. स्क्रीनवर कोण कोणाकडे बघतंय ते कळत नाही, हे त्या दिवशी माझ्या पथ्यावर पडलं.

ठरलं असं की हिवाळा संपेपर्यंत सर काम करतील, पुढचा करार नाही आणि अर्जही नाही. दुसऱ्या दिवशी साडेपाचला फोन वाजला. "गुड मॉर्निंग. नो न्यू स्नो. आईस ऑन ऑल रन्स. आय स्पेल, आय, सी, ई." शेवटच्या दिवसापर्यंत रोज तसंच. बुटांचा आवाज नाही, मराठी नाही, कानांना चहा नाही. मी एकदा "सर, ऐका ना" म्हणून बघितलं. ते म्हणाले, "प्लीज रीड इट बॅक."

मी वाचलं. एक शब्द चुकला नाही.

विमानं मोजकीच होती, मिळालं त्याने ते पुण्याला गेले. विमानतळ पाच किलोमीटरच्या पलीकडे होता, म्हणून मी निरोप द्यायला गेले नाही असं सगळ्यांना सांगते. माझं पीआर, म्हणजे कायमचा निवास, पुढच्या वर्षी झालं. पेढे वाटले मी डँडेनॉन्गच्या भारतीय दुकानातून आणून.

मागच्या महिन्यात धीर करून मी पुण्याला फोन लावला. सर आता मुलांच्या शिकवण्या घेतात. "बोल, मधुरा," म्हणाले, मराठीत. त्या दोन शब्दांनीच मला रडू फुटलं. मी सगळं बोलून टाकलं. तुम्ही आईसच म्हणाला होतात, मला तेव्हाही माहीत होतं, मी घाबरले, माझा अर्ज होता. मी थांबल्यावर ते म्हणाले, "अगं, पण हे मला तेव्हाही माहीत होतं. ज्याला माहीत नाही त्याला सांग."

ग्रेग आजही माझा साहेब आहे. त्याची आणि माझी केबिन शेजारी शेजारी आहे. या आठवड्यात मी दोनदा त्याच्या दारापर्यंत गेले आणि दोन्ही वेळा सुट्टीच्या अर्जावर सही घेऊन परत आले.