पोत्यातल्या पुंगळ्या

हजराचं नाक फार तिखट. दाभोळच्या खाडीकाठी वाढलेली बाई. पाटीवरचं फडकं उचलायच्या आत मासा ताजा की शिळा हे सांगायची. कतारमधल्या दोहा शहरात आल्यावर हे नाक वेगळ्याच कामाला लागलं.

तिचा नवरा मुनाफ कोंडकरी बोटींच्या इंजिनखोलीत राबून इथे उतरला होता. सूक वाकिफ बाजाराच्या एका बोळात त्याने दुरुस्तीचं दुकान टाकलं, आणि दुकानामागच्याच खोलीत संसार. स्टोव्ह, कुलपं, आणि थंडी आली की शिकारीच्या बंदुका. हुबारा पक्षी मारायला वाळवंटात जाणारे लोक पितळी काडतुसं वापरत. बार उडाला तरी पुंगळी, म्हणजे काडतुसाचं रिकामं नळकांडं, फेकायची नाही. घोड्याच्या ठोक्याने ठिणगी देणारी बुडातली टोपी जळलेली असायची; ती काढून नवी बसवायची, दारू आणि छर्रे भरायचे, की काडतूस पुन्हा तयार. पण खाऱ्या हवेने पितळ कळकायचं आणि जुनी टोपी आत अशी धरून बसायची की ती ठोकून काढायचा लोखंडी सुंबा वाकेल, ती हलणार नाही.

मुनाफच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू वाढला तसं हे काम हजराने आपल्याकडे घेतलं. पडद्याआड, कुणाला न कळता. पुंगळ्या आधी रॉकेलमध्ये भिजवायच्या. तेवढ्यानं नाही भागलं तर पुंगळीत पाणी भरायचं, तोंडात लाकडी दट्ट्या घट्ट बसवायचा आणि वरून हातोडी मारायची. पाण्याच्या दाबाने टोपी टपकन खाली पडायची. वेळ लागायचा, पण हात शाबूत राहायचे.

एकोणीसशे साठ साल उलटल्यानंतरच्या एका थंडीत खलफान पोतं घेऊन आला. एका बड्या घरातले शिकारी बाज पक्षी सांभाळणारा माणूस. एरवी गप्पांना बसायचा; त्या दिवशी उंबऱ्याच्या आत आला नाही.

"कुल्लू खलास," तो म्हणाला. सगळी वाजून झालेली आहेत. "शिकारीला निघायचंय. यल्ला, लवकर कर."

हजराने पोतं सोडलं आणि तिचा हात थांबला. वाजलेल्या पुंगळीला जळका, सडक्या अंड्यासारखा वास असतो. या पुंगळ्यांना कसलाच वास नव्हता. तिने एक उजेडात धरून आत पाहिलं. काजळी नव्हती. तळाला करड्या रंगाचा थर चिकटला होता.

"आवो, हे बघा जरा," ती पडद्याआडून म्हणाली. "ह्या उडालेल्या नाहीत."

मुनाफने पुंगळी उलटी करून टोपीवरून अंगठा फिरवला. "खळगा आहे. बंदुकीचा घोडा पडलाय हिच्यावर."

"घोडा पडला असंल, पण बार कुठं झालाय? फुसकी गेलेली काडतुसं असतील. वरची दारू नि छर्रे काढून आणलीत कुणीतरी. तळाला बघा, दारू चिकटलीय अजून."

"मला दिसत नाही, असंच म्हणायचंय ना तुला?"

हजराने जीभ चावली. डोळ्यांवरून बोललेलं त्याला लागायचं, हे ती जाणून होती. ती पाणी आणायला मागल्या दारी गेली. तेवढ्यात त्याने मूठभर पुंगळ्या उचलल्या आणि बाहेर आपल्या बाकावर जाऊन बसला.

सुंब्यावर हातोडी पडल्याचा आवाज तिने ऐकला. एकदा. मग परत, जरा जोरात. ती कळशी ठेवून पडद्याकडे धावली.

"थांबा! कोरडी मारू नका!"

बार फार मोठा नव्हता. शेजारचा शिंपी महमूद नंतर म्हणाला, त्याला वाटलं स्टोव्ह फुटला. हजरा पोचली तेव्हा मुनाफ बाकावरच बसला होता, तळहात उजव्या डोळ्यावर दाबून. बोटांमधून रक्त उतरत होतं. चांगला होता तोच डोळा.

"हजरा," तो अगदी हळू म्हणाला, "दिवा लाव गो."

बाहेर लख्ख दुपार होती.

इस्पितळात डॉक्टरांनी पितळेचा तुकडा काढला. डोळा राहिला नाही. डाव्याने उजेड आणि सावली एवढंच कळायचं.

मुनाफ खाटेला खिळून असतानाच खलफान पोतं मागायला आला. आता हजरा पडदा सारून दुकानात उभी राहिली. उरलेल्या पुंगळ्या तिने पोत्यासकट पाण्यात बुडवून ठेवल्या होत्या.

"जिवंत आहेत या," ती मोडक्या हिंदीत म्हणाली. "समुद्रात टाक."

खलफानने नजर वळवली. "भिजून मेल्या असतील आता."

"त्या वाळल्या की परत पेटणार नाहीत, हे तू सांगू शकतोस?"

त्याने पोत्याला हात घातला. हजराने पोत्याचं तोंड धरून ठेवलं. त्याने ते तिच्या हातातून ओढून घेतलं आणि खांद्यावर टाकून बोळाच्या टोकाशी वळला. पाणी ठिबकत गेलं. दुसऱ्या कुठल्यातरी मिस्त्रीकडे नेणार, हे उघड होतं. हजराने लगोलग महमूदला दुकानोदुकानी पाठवलं: असं पोतं आलं तर हात लावू नका. संध्याकाळी तो परतला. कुणीच पाहिलं नव्हतं. निदान तसं म्हणाले.

हजराने दुकान चालवलं, आता उघडपणे. स्टोव्ह घेतले, कुलपं घेतली. काडतूस घेऊन येणाऱ्याला उंबऱ्यावरूनच परतवून लावलं. मुनाफ आत खाटेवर पडून बाजार ऐकत असे. कुठे डबा पडला, फळी आपटली, की तो उठून बसे.

"कुठं झाला बार?"

"कुठं नाही," हजरा म्हणायची, आणि हातातलं काम ठेवून तीही ऐकत राहायची.