डोळ्यांच्या डॉक्टरला झेंडूचा हार

घराला कुलूप लावत होतो, तेव्हा शेजारच्या सुमनवहिनी म्हणाल्या, "फोटोवरचा हार काढून टाकू का? पार वाळलाय."

मी म्हटलं, "हात लावायचा नाही."

तो हार माझ्या बायकोच्या, म्हणजे संदीपच्या आईच्या फोटोला तेराव्याला घातलेला. दुसऱ्याच्या दुकानातून विकत आणलेला. बार्शीच्या मंडईबाहेर आमचं स्वतःचं हारांचं दुकान. ती ओवायची, मी गाठी मारायचो आणि गोंडा बांधायचो. पण ती गेली आणि मी फुलाला हात लावला नाही. दुकान बंदच. गाळ्याला गिऱ्हाईक आलं होतं. संदीप, म्हणजे माझा मुलगा, जर्मनीहून फोनवर म्हणायचा, देऊन टाका. आल्यावर सांगतो, असं गिऱ्हाइकाला सांगितलं आणि विमानात बसलो.

फ्रँकफुर्टच्या विमानतळावर काचेमागच्या साहेबानं विचारलं, काम काय करता? इंग्रजी मला येत नाही. मी गळ्याभोवती हात फिरवून दाखवला. साहेब गंभीर झाला. मागच्या रांगेतली एक पुण्याची मुलगी पुढं आली, तिनं समजावलं, तेव्हा शिक्का बसला.

संदीप डार्मश्टाटला राहतो. सॉफ्टवेअरचं काम. गाव स्वच्छ, झाडं भरपूर, माणसं कमी बोलणारी. रविवारी खिळासुद्धा ठोकायचा नाही. सूनबाईनं श्पार्गेल (बोटाएवढ्या पांढऱ्या काड्यांची भाजी) केली होती. इथले लोक तिच्यासाठी वर्षभर वाट बघतात म्हणे. मला चव दुधीची लागली. तसं बोललो तर सूनबाई म्हणाली, "बाबा, निदान शेजाऱ्यांपुढं म्हणू नका."

शेजारी म्हणजे खालच्या मजल्यावरची मारिसेल. फिलिपिन्सची, इथल्या दवाखान्यात नर्स. एकदा ती चहाला आली आणि म्हणाली, शनिवारी आमच्या पुढाऱ्याची जयंती आहे, डोंगरातल्या गावात त्याचा पुतळा आहे, चला. संदीप मराठीत सांगत गेला. फिलिपिन्सवर स्पेनचं तीनशे वर्षांवर राज्य होतं. हा तिथला तरुण डोळ्यांचं शिकायला हायडेलबर्गला आला, त्या गावात पाद्र्याच्या घरी राहिला, स्पेनच्या कारभाराविरुद्ध पुस्तक लिहिलं. त्याच्या आईला दिसेनासं झालं होतं. घरी जाऊन त्यानं तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन केलं. पुढं स्पेनच्या सरकारनं त्याला गोळ्या घातल्या. त्याचं नाव माझ्या जिभेवर नीट बसत नाही. चुकीचं घेण्यापेक्षा मी डोळ्यांचा डॉक्टर म्हणतो.

"गोळ्या घालतील हे त्याला माहीत नव्हतं का?" मी विचारलं.

"माहीत होतं. सगळे म्हणाले, परत जाऊ नको," संदीपनं सांगितलं.

"मग गेला कशाला?"

मारिसेलनं माझ्याकडं बघितलं. "घर तिकडं होतं," ती म्हणाली.

संदीप रिकामे कप उचलायला लागला. 

जयंती म्हटल्यावर हार आला. मी विचारलं, हार कोण करतं? मारिसेल म्हणाली, आम्ही पायाशी पुष्पचक्र ठेवतो. मला ते पटलं नाही. पुष्पचक्र मयताला. जयंतीला माणूस जन्मलेला असतो, त्याच्या गळ्यात हार पडतो. मी बोलून गेलो, "मी करतो हार." संदीप माझ्याकडं बघतच राहिला.

इथं सुटी फुलं किलोवर मिळत नाहीत. झेंडू कुंडीत. गाडीची डिकी भरून कुंड्या आणल्या. मी गॅलरीत बसून फुलं खुडत होतो, तेव्हा सूनबाईचा जीव वरखाली होत होता. मध्ये घालायला हिरवा पाला हवा होता, तर म्हणाली, "बाबा, कुणाच्या कुंपणाचा तोडू नका, ऑर्डनुंग्सआम्टवाले (शिस्त बघणारं सरकारी खातं) येतील." शेवटी तिनं आपल्या कुंडीतला कढीपत्ता दिला. तो तिनं जिवापाड वाढवलेला. हे मी तेव्हाच ओळखलं.

घोडं सुईपाशी अडलं. मला मोतीबिंदू आहे. दुकानात सुई तीच ओवून द्यायची. मी दोरा तोंडात भिजवत होतो, नेढं काही सापडत नव्हतं. संदीपनं माझ्या हातातली सुई घेतली आणि ओवली. मग शेजारी बसला. लहानपणी शाळेतून आला की दुकानात बसायचा, तसा. हात विसरले नव्हते त्याचे. फक्त फुलं फार दाबून बसवत होता.

"हळू. लोणचं भरत नाहीस," मी म्हटलं.

"आई पण हेच म्हणायची," तो म्हणाला. ती गेल्यावर तिच्याबद्दल आम्ही पहिल्यांदा तेव्हा बोललो.

शनिवारी गेलो. हायडेलबर्ग ओलांडल्यावर गाडी जंगलातून वर चढत गेली. गाव छोटं, उतरत्या छपरांचं. बागेत डॉक्टर उभा, लांब कोट घातलेला, काळाभोर. आणि उंच. मारिसेलनं दाखवलेल्या फोटोत मला माणसाएवढा वाटला होता. संदीपची आई फोटो बघून गळ्याचं माप सांगायची, मला ते जमत नाही. हार गळ्याला पुरला असता, पण गळ्यापर्यंत पोचायचं कसं? आमच्याकडं मोठ्या पुतळ्याला शिडी कायमची असते. इथं काही नव्हतं.

झेंडा झाला, गाणं झालं, पायाशी चक्र ठेवलं. मी हार घेऊन उभा. बागेची देखभाल करणारा एक म्हातारा जर्मन होता, तो हाराकडं बघून निघून गेला. सूनबाई म्हणाली, "झालं, पोलिसांना बोलावणार."

तो परतला तो ॲल्युमिनियमची शिडी खांद्यावर घेऊन. शिडी लावली, हलवून बघितली आणि विचारलं. संदीपनं मला सांगितलं, "म्हणतोय, घाला. पण फुलं सुकल्यावर उतरवणार कोण?"

 आमच्या चौकात एका पुतळ्याला दोन पक्षांचे दोन हार असतात, मोठा कुणाचा यावर मारामारीची वेळ येते. उतरवायला कुणी येत नाही. डास होतात, पाकळ्या कुजतात. शेवटी संदीपची आई शिडी धरायला मला घेऊन जायची आणि निर्माल्य पोत्यात भरून आणायची. म्हणायची, "घालणारे ढीगभर आहेत."

संदीप जर्मनला म्हणाला, "गेनाऊ (बरोबर). मी येऊन उतरवीन." म्हाताऱ्यानं वार ठरवून घेतला, मगच शिडी धरली. संदीप चढला. हार बसला. डॉक्टर जरा आपल्याकडचा दिसायला लागला.

नंतर गवतावर जेवण. पान्सित (शेवयांसारखा प्रकार) चांगला होता. मारिसेलचा म्हातारा काका, बोटीवर खलाशी होता, तो पुतळ्याकडं हात करून म्हणाला, "हा लिहीत बसला. लढला तो दुसरा, गोदामात काम करणारा, कमी शिकलेला. बंड त्यानं उभं केलं."

"त्याचं काय झालं?"

"आपल्याच पुढाऱ्यांनी मारला. खुर्चीवरून भांडण."

मी म्हटलं, आमच्याकडंही जहाल-मवाळ होते, पण हे जास्तच झालं.

मारिसेल म्हणाली, "काका दरवर्षी इथं येऊन भांडतात आणि दोन ताटं खातात."

उरलेल्या फुलांचा एक छोटा हार पिशवीत होता. तो मी काकाला दिला. "तुमच्याकडं त्या गोदामवाल्याचा फोटो असेल तर घाला. आणि सुकला की काढा." काकानं हार टोपीत ठेवला आणि टोपी मांडीवर धरून बसला.

संदीपनं ठरल्या वारी जाऊन हार उतरवला. जर्मन म्हातारा शिडी घेऊन वेळेवर हजर होता म्हणे. त्यानंतर गाळा विकायचं संदीपनं काढलं नाही. मी निघालो तेव्हा त्यानं चार सुया लांब दोरे ओवून पुठ्ठ्यावर टोचून दिल्या. "मोठ्या बॅगेत ठेवा, हातातल्या नको," एवढंच म्हणाला.

बार्शीत उतरलो. कुलूप काढलं. फोटोवरचा हार हात लावताच गळायला लागला, दोराच तेवढा हातात राहिला. पाकळ्या सुपात गोळा केल्या. ती असती तर म्हणाली असती, एवढे दिवस काय करत होतात?

सकाळी मंडईत जाऊन झेंडू आणि शेवंती आणली. गिऱ्हाइकाला सांगितलं, गाळा द्यायचा नाही. पहिली सुई तिच्या हाराला वापरली. गोंडा जरा वाकडा झाला, पण तिच्या फोटोला माझ्या हातचा हार पडला.

तीन सुया उरल्यात. त्या संपायच्या आत डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्यावं म्हणतो.