मीठ बर्फ खातं, असं ऑगस्टीन म्हणायचा

मनोरीच्या ऑगस्टीनची आणि माझी ओळख माझ्या चपलेमुळे झाली. मार्वेला फेरीबोटीत चढताना माझी डावी चप्पल खाडीत पडली. बोट चालवणारा होता ऑगस्टीन. त्याने इंजिन बंद केलं आणि बांबूने ती काढून दिली. लोक कुरकुरले तसा म्हणाला, "म्हाताऱ्याला काय लंगडी घालत मनोरी दाखवू?" तेव्हा मी म्हातारा नव्हतो, त्रेपन्नचा होतो. पण चप्पल हातात आल्यामुळे शब्द गिळला.

त्याला वीस वर्षं झाली. आता बोट चालवणं सुटलं, पण दर शुक्रवारी थर्माकोलच्या पेटीत मासळी घेऊन हा कांदिवलीला माझ्या घरी येतो आणि अर्धा दिवस गप्पा मारतो. भरती-ओहोटी, वारा, चर्चचा बँड, काहीही विचारा. फक्त मुलाचं नाव काढायचं नाही. मुलगा वेन नाहूरला राहतो. दोन नाताळ झाले, त्याने मनोरीत पाऊल टाकलेलं नाही.

झालं होतं ते माझ्यासमोर. ऑगस्टीनच्या मुलीचं, वेन्डीचं लग्न होतं, मे महिना. मनोरीच्या ख्रिस्ती लोकांत रीत अशी की आदल्या दिवशी बायका बँड लावून विहिरीवर जातात आणि नवरीच्या आंघोळीचं पाणी आणतात. इकडे मांडवात वेनने कोल्ड्रिंकच्या बाटल्यांसाठी मोठा ड्रम मांडला, बर्फाच्या लादीचे तुकडे टाकले आणि वरून खाडीचं पाणी ओतलं. ऑगस्टीनने ते पाहिलं आणि पाहुण्यांसमोर तोंड सोडलं. "मीठ बर्फ खातं, एवढी अक्कल नाय? आईस्क्रीमच्या पॉटमध्ये बर्फावर मीठ कशाला घालतात?" ड्रम आडवा केला, बर्फ वेचून परत टाकला, आणि मागच्या पडवीतलं पिंप ओढून आणून त्यातलं गोडं पाणी ओतलं. वेन हात पुसून मांडवाबाहेर गेला. तासाभरात बर्फ संपला. मी स्वतः कोमट सोडा प्यालो. ऑगस्टीनने बर्फवाल्याला शिव्या घातल्या, आणि वेन लग्न आटोपून गेला तो गेलाच.

तर परवाच्या शुक्रवारी माझी नात निधी, सातवीतली, आमच्यासमोर काचेचे दोन ग्लास घेऊन बसली. दोन्हीत नळाचं पाणी, एकात चार चमचे मीठ ढवळलेलं. बर्फ लाल होता, बिटाच्या पाण्याचा.

"आबा, कुठला आधी विरघळेल?"

"खाऱ्यातला," आम्ही दोघे एकदमच बोललो.

आणि बघतो तर काय, गोड्या पाण्यातल्या बर्फातून लाल धागे सुटून सरळ तळाला चालले. खाऱ्या पाण्यात मात्र लाल रंग वरच थांबला, बर्फाभोवती गोधडी गुंडाळल्यासारखा. गोड्यातला खडा संपला तेव्हा खाऱ्यातला चांगला सुपारीएवढा शिल्लक होता.

ऑगस्टीनने चष्मा काढून पुसला. मग दोन्ही ग्लासांतलं पाणी बोटाने चाखलं. "ग्लास बदललेस काय गं तू?"

"नाही हो अंकल."

"परत कर."

परत केलं, परत तेच. तिसऱ्या वेळी त्याने चमचा घालून ढवळायला घेतलं तशी निधीने हात धरला. "ढवळलंत की सगळं एक होतं. मग काय दिसणार? गोड्यात गार पाणी जड, ते खाली जातं आणि वरचं कोमट पाणी बर्फाला येऊन भिडतं. पण मिठाचं पाणी त्याहून जड. म्हणून बर्फाचं पाणी त्याच्यावरच तरंगतं, आणि बर्फ आपल्याच गार पाण्यात बसून राहतो."

पहिला भाग मला पटला. गावच्या विहिरीत बुडी मारली की वर पाणी कोमट आणि तळाला पाय बधिर व्हायचे. पण पुढे? "मग पॉटमध्ये मीठ घालून बर्फ लवकर का वितळतो?"

"तिथे मीठ थेट बर्फावर पडतं ना, आबा."

"म्हणजे मीठ बर्फ खातं पण, आणि राखतं पण?"

"हो."

"असं कसं गं?"

तिने सांगितलं. मी मान हलवली. मला कळलं नाही.

ऑगस्टीन मात्र भलतीकडेच पाहत होता. मग मला म्हणाला, "मांडवातला ड्रम कोण हलवत नव्हता ना रे?"

"नाही. कोपऱ्यात उभा होता."

रविवारी चर्चमध्ये मिस्सा आटोपून तो मला घेऊन नाहूरला निघाला. पेटीत बिटाचा बर्फ, एका बाटलीत समुद्राचं पाणी, दुसऱ्या बाटलीत नळाचं. वेनने दार उघडलं. "पापा?"

"दोन ग्लास आण," ऑगस्टीन म्हणाला.

बापलेक टेबलाच्या दोन बाजूंना बसले. शांतता मला सोसत नाही, म्हणून मी चपलेची गोष्ट सांगितली. कोणी हसलं नाही. गोड्यातला बर्फ संपला. खाऱ्यातला तरंगत होता.

"तुझा ड्रम बरोबर होता," ऑगस्टीन म्हणाला. "मी चारचौघांत बोललो, ते चुकलं."

वेन ग्लासाकडे पाहत राहिला. "हे मला कुठे ठाऊक होतं, पापा?"

"मग खाडीचं का ओतलंस?"

"विहीर मचूळ झालेली. बायका वाजतगाजत तेच पाणी आणणार, आणि टँकरचा पत्ता नव्हता. वेन्डीला सकाळी आंघोळीला थोडं तरी गोडं मिळावं म्हणून एक पिंप भरून पडवीत ठेवलं होतं. ते तू ड्रममध्ये ओतलंस."

ऑगस्टीनने हातातली बाटली खाली ठेवली. "वेन्डी काय बोलली नाय मला."

"तुला कोण बोलणार? चिकट अंगानेच उभी राहिली चर्चमध्ये."

"मी एका चुकीसाठी आलो होतो रे," ऑगस्टीन पुटपुटला. "ही दुसरीच निघाली."

वेनने खारा ग्लास उचलला, उजेडात धरून लाल गोधडी पाहिली आणि खाली ठेवला. "जेवून जा दोघं. वेन्डीला फोन लावतो, तिला पण सांग."

सांगितलं त्याने. फोनवर काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही, मी बांगड्याच्या कालवणात होतो. निघताना वेन जिन्यापर्यंत आला. "नाताळला पॉट काढणार काय, पापा?"

"काढीन. मीठ तू घाल, मला आता काय भरवसा नाय."

रिक्षा गोरेगावच्या सिग्नलला थांबली तेव्हा ऑगस्टीनने माझ्या गुडघ्यावर चापट मारली. "पण जयवंता, पॉटमध्ये ते का वितळतं?"

मी सातवी पास माणूस. खोकून घसा साफ केला आणि सांगायला सुरुवात केली.