लॅमिनेट केलेलं अभिनंदन

माझी जुनी विद्यार्थिनी रेवती काल पीएचडीच्या प्रवेशाची दोन पत्रं घेऊन घरी आली. एका विद्यापीठात तिला हवा तोच विषय मिळत होता, विडी वळणाऱ्या बायकांची गाणी, म्हणजे तिच्या आईचीच गाणी. पण विद्यावेतन नव्हतं. दुसरीकडे विद्यावेतन होतं, मात्र विषय ते ठरवतील तो.

पहिलं पत्र वडिलांनी कौतुकानं लॅमिनेट करून आणलं होतं. खालची संमतीच्या सहीची जागाही प्लास्टिकखाली गेली होती. त्यावरचं ठळक ‘अभिनंदन’ वाचून माझं डोकं फिरलं. जेवायला बोलवायचं, पाट मांडायचा, रांगोळी काढायची आणि पानात काही वाढायचंच नाही, ही कुठली रीत? पोरगी उपाशी उठली की म्हणायला मोकळे, हल्ली कलाशाखेला हुशार मुलं येतच नाहीत. मीही काही वेगळा नाही. तीस वर्षं वर्गात ‘आवडेल तेच शिका’ सांगत आलो, तेही दरमहा पगार घेऊन.

“याची दुसरी प्रत काढून घे,” मी म्हणालो.

“राहू दे, सर. बाबांनी बाहेरच्या खोलीत खिळासुद्धा ठोकलाय.”

आणि दुसऱ्या पत्रावर सही करायला तिनं माझंच पेन मागितलं.